हवाई अंतर व उड्डाणकाळ, विदर्भातील
दोन विमानतळांमधील भूपृष्ठावरचे लघुतम अंतर आणि ते कापण्यास विमानाला लागणारा काळ. खेड्यांत हे अंतर ‘हवेतून’ सांगण्याची रीत आहे : वैनगंगेपलीकडचे गाव हवेतून दोन कोस असले, तरी पुलावरून फिरून जाताना त्याचे पाच-सहा कोस होऊ शकतात.

हे अंतर नकाशावर पट्टी ठेवून काढलेल्या रेषेवर नव्हे, तर बृहद्वृत्तावर (पृथ्वीच्या केंद्राभोवती काढलेल्या सर्वांत मोठ्या वर्तुळावर) मोजतात. त्यासाठी अक्षांश-रेखांश लागतात आणि ते पृथ्वीचा आकार कसा धरला यावर ठरतात. भारतीय नकाशे दीर्घकाळ सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये ठरविलेल्या पृथ्वीच्या आकाराच्या मापांवर आधारलेले होते. त्यामागील त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ करणारा विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे येत असता जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे. विमानवाहतुकीत १ जानेवारी १९९८ पासून डब्ल्यूजीएस-८४ ही जागतिक पद्धत लागू झाली. दोन्ही पद्धतींतील स्थाननिर्देशांत काही विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) फरक पडतो. मात्र दोन्ही टोके जवळजवळ सारखीच सरकत असल्याने प्रवासी अंतराच्या दृष्टीने तो नगण्य होय.

नागपूरचा शून्य मैल स्तंभ सामान्यतः १९०७ च्या सुमाराचा मानतात. तो भारताचा भौगोलिक मध्यबिंदू असल्याची समजूत रूढ आहे; परंतु मध्य काढण्याच्या रीतीनुसार व देशाच्या सीमांनुसार हा बिंदू बदलतो. सर्वेक्षणातील संदर्भखूण एवढाच अर्थ घेणे अधिक सयुक्तिक वाटते. तरीही नागपूरचे मध्यवर्तित्व हवाई अंतरांत उतरले आहे : मुंबई सुमारे ६८०, दिल्ली ८५०, चेन्नई ९०० व कोलकाता ९७५ किमी. जानेवारी १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत या चार शहरांची विमाने मध्यरात्री नागपुरास जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परतत. ही सेवा १९७३ पर्यंत चालली.

उड्डाणकाळ म्हणजे केवळ अंतराला वेगाने भागलेली संख्या नव्हे. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची सेवा सुरू झाली. हे हवाई अंतर सुमारे ५४० किमी आहे. पंख्याच्या एटीआर-७२ विमानाचा समतल उड्डाणातील वेग ताशी ५०० किमीच्या आसपास असल्याने गणिताने तासाभराहून थोडा अधिक वेळ निघतो. वेळापत्रकात मात्र पावणेदोन तास धरले होते. धावपट्टीपर्यंतचा संथ प्रवास, चढ-उतार, ठरवून दिलेले वळणाचे मार्ग आणि मुंबईवरील गर्दी यांचा तो हिशेब आहे. हिवाळ्यात वरच्या थरांतील पश्चिमी वारे पूर्वेकडे येणाऱ्या विमानाला साहाय्य करतात, परतीच्या विमानाला अडवतात. गावाहून विमानतळ गाठण्याचा वेळ यात धरत नाहीत. धारणी किंवा चिखलदऱ्याच्या प्रवाशाला तोच अधिक जाचतो.

गोंदियाजवळील बिरसी येथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. तेथून नागपूर हवेतून सुमारे १३५ किमी पडते. एवढ्या टप्प्यात विमान उंचीवर स्थिरावते न स्थिरावते तोच उतरणी लागते.