शेअरचे भाव अपूर्णांकात का असायचे आणि ते गणिताच्या तासाला कसे आले

अमेरिकेत शेअरच्या भावांवरून अपूर्णांक आणि दशांशांची तुलना शिकवायचे, ते काही कुणी गणितासाठी मुद्दाम शोधून काढलेलं नव्हतं, पेपरात भावच तसे छापून यायचे. आज 24 3/8, उद्या 24 5/16, आणि शेजारच्या रकान्यात किती चढला किती उतरला तेही अपूर्णांकातच. आता सांगा, भाव वाढला का पडला? बरीच मुलं वाढला म्हणणार, कारण 5 आणि 16 दोन्ही आकडे मोठे दिसतात. दशांशात मांडलं की 24.375 वरून 24.3125, म्हणजे पडला, पण तिथेही दुसरी अडचण, 3125 हा 375 पेक्षा मोठा वाटतो. एकाच उदाहरणात दोन्ही चुका पकडता येतात, म्हणून मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं.

हे आठाचे भाग आले कुठून, तर 1792 साली न्यूयॉर्कमध्ये वॉल स्ट्रीटवर 24 दलालांनी करार केला तेव्हा तिकडे स्पॅनिश डॉलर सर्रास चालायचा आणि तो 8 रियालचा होता. गंमत म्हणजे त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून स्वतःचा डॉलर 100 सेंटचा ठरवला, 1857 मध्ये परकी नाणी कायद्याने बंदही झाली, तरी शेअरबाजार मात्र आठालाच धरून बसला.

धरून बसण्यात दलालांचा फायदा होता हो. 1/8 डॉलर म्हणजे साडेबारा सेंट, खरेदी-विक्रीच्या भावात किमान तेवढं अंतर राहणार, म्हणजे 1000 शेअरमागे 125 डॉलर, आणि ते गिऱ्हाइकाच्या खिशातून. त्यात 1994 मध्ये क्रिस्टी आणि शुल्ट्झ या दोन अभ्यासकांनी दाखवून दिलं की नॅसडॅक या दुसऱ्या अमेरिकी शेअरबाजारात बऱ्याच मोठ्या शेअरचे भाव 1/8, 3/8 असे विषम अंशात जवळजवळ लागतच नाहीत, म्हणजे अंतर थेट पाव डॉलरचं! त्यावरून चौकशा झाल्या, दबाव वाढला, जून 1997 मध्ये बाजार सोळाच्या छेदावर आला, ऑगस्ट 2000 मध्ये न्यूयॉर्क शेअरबाजारातले मोजके शेअर दशांशात गेले, 29 जानेवारी 2001 ला सगळे, आणि एप्रिलपर्यंत नॅसडॅकही.

सोळाचा छेद आपल्याला काही नवा नाही. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे येईपर्यंत रुपया 16 आण्यांचाच होता, त्यामुळे वरचं उदाहरण आपल्या जुन्या पिढीने चुटकीसरशी सोडवलं असतं, 3/8 म्हणजे 6 आणे, 5/16 म्हणजे 5 आणे, संपलं. पावकी-निमकी-पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असलेल्यांना समच्छेद करा म्हणून वेगळं शिकवावं लागलं नसणार, सगळं आण्यात आणलं की छेद आपोआपच सारखा होतो.

2001 नंतर पेपरातलं हे आयतं उदाहरण गेलं, शिक्षकांना जुने भाव शोधून आणावे लागतात आणि माझ्या मते जरूर आणावेत. नुसत्या दशांशातल्या भावांवर तुलना होते पण रूपांतर होत नाही. अर्थात शेअर नाही तरी अमेरिकी सरकारी रोखे अजून 32 च्या छेदावर आहेत, तिथे 99-16 असा भाव दिसला तर तो 99.16 नसतो, 99 आणि 16/32 म्हणजे 99.50 असतो, आणि 99-08 म्हणजे 99.25. वरच्या वर्गातल्या मुलांना हे जरूर द्या.