खरी किंमत माहीत होती, तरी भाव फुगला

शेअर बाजारात बुडबुडा फुटला की आपण म्हणतो, लोकांना खरी किंमत कळली नाही, म्हणून फसले. व्हर्नन स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९८८ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग वेगळंच सांगतात.

त्यांच्या प्रयोगशाळेतल्या बाजारात एकच शेअर असे, त्याचं आयुष्य १५ फेऱ्यांचं. दर फेरीला सरासरी २४ सेंट लाभांश, शेवटी हाती शून्य. म्हणजे सुरुवातीची खरी किंमत ३.६० डॉलर, पुढे दर फेरीला २४ सेंट कमी. हे गणित सगळ्यांना आधीच समजावलेलं. तरी भाव बहुतेक वेळा खऱ्या किमतीच्या बराच वर चढे आणि अखेरीस धाडकन कोसळे. आपल्याहून महाग घेणारा कोणीतरी भेटेलच, या आशेवर बरीच खरेदी चाले. त्याच मंडळींना पुन्हा बसवलं की तिसऱ्या खेपेपर्यंत फुगवटा जवळपास नाहीसा होई. पण पुढच्या प्रयोगांत बाजारातली रोकड वाढवली, लाभांशाची अनिश्चितताही वाढवली, तेव्हा अनुभवी लोकांच्या हातूनही भाव पुन्हा फुगला.

ही रोकड फार महत्त्वाची. लंडनच्या साउथ सी कंपनीचा शेअर १७२०च्या जानेवारीत १२८ पौंडांच्या आसपास होता, उन्हाळ्यात तो हजाराच्या घरात गेला. जूनमध्ये कंपनीने नवे शेअर १००० पौंडांना विकले, पण सुरुवातीला भरायचे फक्त १०० पौंड, बाकीचे पुढे हप्त्यांनी. शिवाय स्वतःचेच शेअर तारण घेऊन कंपनी कर्जही देई, आणि त्या पैशातून पुन्हा तेच शेअर घेतले जात! डिसेंबरपर्यंत भाव होता तिथे परतला. आयझॅक न्यूटनने वसंतातच चांगल्या नफ्यात शेअर विकले होते. भाव चढतच राहिला, तेव्हा तो वरच्या भावात परत शिरला आणि जबर बुडाला. गणितात त्याच्याइतका पक्का माणूस शोधूनही सापडला नसता.

१९२९च्या वॉल स्ट्रीटवरही अनेकजण शेअरच्या किमतीचा छोटा हिस्सा भरून उरलेली रक्कम दलालाकडून कर्जाऊ घेत. भाव घसरला की दलाल जादा पैसे मागे. ते नसले की शेअर विकून टाकी, त्याने भाव आणखी पडे. सप्टेंबर १९२९मध्ये ३८१वर असलेला डाऊ जोन्स निर्देशांक जुलै १९३२मध्ये ४१वर आला. जुना उच्चांक गाठायला १९५४ उजाडलं.

त्यामुळे शेअर महाग आहे का, यापेक्षा तो कोणाच्या पैशाने घेतला जातोय, हे मी आधी पाहीन. उसन्या पैशावरच्या खरेदीची एकूण थकबाकी अनेक बाजारांत नियमित जाहीर होते. बातमी भावाची होते, त्या आकड्याकडे फारसं कोणी बघत नाही.