काकवीतले खडे आणि मुंग्यांची रांग: आपोआप दोन्ही, पण जात वेगळी

काकवीची बाटली बरेच दिवस तशीच ठेवली की तळाला साखरेचे खडे बसतात आणि ओट्यावर गुळाचा खडा उघडा राहिला की मुंग्यांची रांग लागते, कोल्हापुरात हे दोन्ही न बघितलेलं घर सापडणं अवघड. दोन्हीकडे मुकादम कुणी नाही तरी शिस्त येते, म्हणून लोक दोन्हीला सरसकट सेल्फ ऑर्गनायझेशन, म्हणजे आपोआप लागलेली शिस्त, म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही.

खडा म्हणजे सेल्फ असेंब्ली, तुकडे आपोआप जुळून तसेच टिकून राहणं. साखरेचे रेणू हलत हलत एकमेकांना भिडतात, वेडेवाकडे बसले तर सुटतात, नीट बसले की ऊर्जा कमी होते म्हणून तिथंच राहतात. पुढं बाटली कपाटात विसरा, खडा तसाच. 1955 मध्ये फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी तंबाखूवर रोग पाडणाऱ्या व्हायरसचं प्रोटीन आणि आरएनए (त्याची आनुवंशिक माहिती धरणारा रेणू) वेगळं करून परत एकत्र ठेवलं, तर त्यातून पुन्हा रोग लावणारा व्हायरस तयार झाला! मला तर हे अजून अचाट वाटतं.

रांगेचं तसं नाही, ती खरी सेल्फ ऑर्गनायझेशन, सतत भर पडत राहिली तरच टिकणारी. खाऊ घेऊन परतणारी मुंगी जमिनीवर वास सोडते, दुसरी त्या वासावर येते आणि स्वतःचा वास त्यात घालते, वास जास्त तिकडं गर्दी आणि गर्दी जास्त म्हणून अजून वास, पण तो वास सारखा उडतही असतो, त्यामुळं गूळ संपला की भर घालणारं कुणी राहत नाही आणि रांग विस्कटते.

गुऱ्हाळावर तर दोन्ही एकाच जागी दिसतात. चुलवाण पेटलंय तोवर काहिलीतला रस खालून वर उसळतो, गार झालेला परत खाली जातो, जाळ काढला की हे फिरणं संपलं. तोच रस वाफ्यात ओतून घोटला की रवाळ होत घट्ट बसतो आणि ती ढेप जाळाशिवाय टिकते. जाळावर टिकणाऱ्या रचनेचं सुंदर रूप शास्त्रज्ञ बेनार यांनी 1900 मध्ये दाखवलं, द्रवाच्या पातळ थराला खालून उष्णता दिली तर पोळ्यासारखी षटकोनी नक्षी उमटली. अशा ऊर्जा खात राहणाऱ्या रचनांच्या कामासाठी इल्या प्रिगोजिन यांना 1977 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

पेशीतल्या मायक्रोट्यूब्यूल नावाच्या नळ्या मात्र या दोन जातींच्या मधेच बसतात, प्रोटीनचे तुकडे आपोआप जुळतात हे खरं, पण आत जीटीपी नावाचं ऊर्जा देणारं रसायन खर्च होत असतं म्हणून नळी वाढते, अचानक ढासळते, परत वाढते.