पशुधनातील प्रतिजैविकरोधी जिवाणू

गाई, डुकरे, कोंबड्या यांसारख्या पाळीव जनावरांच्या आतड्यात, नाकात व कातडीवर, तसेच त्यांचे शेण, गोठ्यातली धूळ, सांडपाणी आणि खत यांत राहणारे, प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू. ई. कोलाय, साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर, एन्टरोकोकस आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस हे त्यांतले प्रमुख. हे जिवाणू बाळगणारे जनावर बहुधा ठणठणीत असते, म्हणून शोधल्याशिवाय त्यांचा पत्ता लागत नाही.

दुधा-मांसात औषधाचा अंश उरणे आणि रोधी जिवाणू असणे या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. उपचारानंतर काही दिवस दूध विकू नये, जनावर कापू नये, हा नियम अंशापुरता आहे. औषध शरीरातून निघून जाते. त्याच्या माऱ्यातून तगलेले जिवाणू मात्र पुढेही शेणावाटे बाहेर पडत राहू शकतात. दगडी (कासेला सूज येण्याचा रोग) झालेल्या गाईच्या सडात औषधाची ट्यूब सोडली की ते दूध विकता येत नाही, ओतून टाकायला हात धजत नाही, मग ते वासराला पाजले जाते. त्यातले औषध सगळे जिवाणू मारायला अपुरे, पण रोधी जिवाणूंना मोकळे रान करून द्यायला पुरेसे असते. अशा वासरांच्या शेणात रोधी ई. कोलाय वाढलेले आढळतात.

खाद्यात थोडे प्रतिजैविक मिसळले की पिल्ले लवकर वाढतात, हे १९४० च्या दशकाअखेर अमेरिकेत लक्षात आले आणि निरोगी जनावरांना औषध चारण्याची पद्धत जगभर पसरली. ब्रिटनमध्ये १९६९ च्या स्वान समितीने त्यावर बोट ठेवले. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर आजही वाचावा असा आहे. एका शेतावरच्या कोंबड्यांना त्यांनी टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मिसळलेले खाद्य दिले. थोड्याच दिवसांत कोंबड्यांच्या आतड्यांत रोधी जिवाणूंचे राज्य झाले आणि पाच-सहा महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या विष्ठेतही ते शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त दिसू लागले. त्या माणसांनी ते औषध घेतलेले नव्हते.

हा प्रसार केवळ जिवाणूंच्या स्थलांतराने होत नाही. रोधाचे जनुक पुष्कळदा प्लाझ्मिड या सुट्या डीएनए-वलयावर असते आणि एक जिवाणू ते दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी राखून ठेवलेले औषध. त्याला रोखणारे एमसीआर-१ हे जनुक असे प्लाझ्मिडवर असल्याचे चिनी संशोधकांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर केले. त्याचा माग डुकरांतल्या ई. कोलायपासून लागला होता. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी कोलिस्टिन चारणे थांबवले. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत त्याचा वापर बंद केला.

परिसराचा वाटा याहून कमी नाही. टेट्रासायक्लिनचा बराच भाग न बदलता मलमूत्रातून बाहेर पडतो, म्हणजे खताच्या ढिगात औषध आणि रोधी जिवाणू एकत्रच पोहोचतात. तिथून माती, ओढे, माश्या, गोठ्यात काम करणाऱ्यांचे हात. खत नीट कुजवले, ढीग आतून चांगला तापला, तर जिवाणू बरेच मरतात. जनुके पूर्णपणे नाहीशी होतातच असे नाही.

औषध थांबवल्यावर रोध ओसरतो का? डेन्मार्कचा अनुभव यावर सर्वांत बोलका आहे. तिथे खाद्यातल्या ॲव्होपार्सिन या प्रतिजैविकावर १९९५ मध्ये बंदी आली. या औषधामुळे एन्टरोकोकस जिवाणू माणसांच्या गंभीर संसर्गांवर देतात त्या व्हँकोमायसिनलाही जुमानत नसत. मांसल कोंबड्यांतले हे रोधी एन्टरोकोकस ७२.७ टक्क्यांवरून २००० पर्यंत ५.८ टक्क्यांवर आले. डुकरांत मात्र फरक पडेना. शोध घेतला तेव्हा दिसले, की रोधाच्या जनुकाशेजारी, त्याच प्लाझ्मिडवर, टायलोसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाला रोखणारे जनुक होते आणि डुकरांना टायलोसिन देणे चालूच होते. त्याचा वापर १९९८ च्या सुमारास घटला, तेव्हा कुठे डुकरांतला रोध खाली आला.