मानवी पॅपिलोमा विषाणू : प्रकार आणि कर्करोग

त्वचेत आणि तोंड, घसा, जननमार्ग यांच्या ओलसर अस्तरात वाढणारे विषाणूंचे एक मोठे कुळ. एचपीव्ही या नावाने ते अधिक परिचित आहे. त्याचे २०० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यांपैकी १२ प्रकार निश्चितपणे कर्करोगकारक ठरवले आहेत.

प्रकारांना नावे नाहीत, क्रमांक आहेत, आणि ते शोधाच्या क्रमाने दिलेले आहेत. क्रमांकावरून घातकतेचा अंदाज बांधता येत नाही. विषाणूचे बाह्य कवच घडवणाऱ्या एल १ या जनुकाची रचना आधीच्या प्रत्येक प्रकारापेक्षा निदान १० टक्के वेगळी निघाली, तरच नवा क्रमांक मिळतो. बोलताना यांना सर्रास ‘स्ट्रेन’, म्हणजे एकाच विषाणूचे वाण, म्हटले जाते. पण इतका फरक असलेल्यांना भावंडांपेक्षा चुलतभाऊ म्हणणे बरे.

कर्करोगकारक प्रकारांची हत्यारे दोन : ई ६ आणि ई ७ ही प्रथिने. पहिले पेशीतील पी ५३ हे राखणदार प्रथिन नष्ट करवते, तर दुसरे पेशीविभाजनाला लगाम घालणारे आरबी प्रथिन निकामी करते. ६ आणि ११ या प्रकारांतही ही प्रथिने असतात, पण त्यांची पकड ढिली असते. म्हणून त्यांच्यामुळे बहुधा चामखिळीच होतात. जननेंद्रियांवरील सुमारे ९० टक्के चामखिळी या दोघांच्या. ही सीमारेषा अगदी पक्की मात्र नाही. ११ क्रमांकामुळे स्वरयंत्रात वारंवार उगवणाऱ्या गाठी क्वचित कर्करोगाकडे वळतात.

नेमका प्रकार ओळखण्याचे महत्त्व जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या कामातून कळले. चामखिळींत सापडणारे ६ आणि ११ गर्भाशयमुखाच्या कर्करोगात नेमाने आढळेनात. त्यांच्या गटाने शोध चालू ठेवला आणि १९८३ मध्ये १६, तर १९८४ मध्ये १८ क्रमांकाचा प्रकार कर्करोगाच्या ऊतींतून वेगळा केला. या कामासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कर्करोग या दोन प्रकारांमुळे होतात.

दोघांचे वागणे मात्र सारखे नाही. १६ क्रमांक मुख्यतः पृष्ठभागावरच्या चपट्या पेशींत कर्करोग घडवतो. १८ चा वाटा ग्रंथिपेशींच्या कर्करोगात, म्हणजे ॲडेनोकार्सिनोमात, ठळकपणे वाढतो. हा कर्करोग गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीत सुरू होत असल्याने गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून तपासणाऱ्या पॅप चाचणीतून निसटण्याची शक्यता जास्त. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकी रुग्णाच्या गर्भाशयमुखातील गाठीतून वाढवलेल्या आणि आजही प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या हीला पेशींमध्ये १८ क्रमांकाचाच डीएनए आहे.

गर्भाशयमुखाबाहेर १६ ची सद्दी आणखी वाढते. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या एचपीव्हीजन्य कर्करोगांपैकी सुमारे ९० टक्के एकट्या १६ मुळे होतात. गुदद्वाराच्या कर्करोगातही तोच आघाडीवर असतो. हे घशाचे रुग्ण बहुतांशी पुरुष असतात आणि तंबाखूजन्य कर्करोगाच्या रुग्णांपेक्षा उपचारांना चांगला प्रतिसाद देतात.

५ आणि ८ हे वेगळ्याच शाखेतले प्रकार. एपिडर्मोडिस्प्लेझिया व्हेरुसिफॉर्मिस या दुर्मीळ आनुवंशिक विकारात ते त्वचेच्या कर्करोगाला हातभार लावतात, तोही प्रामुख्याने उन्हाला उघड्या राहणाऱ्या भागांवर. म्हणजे इथे विषाणूला सूर्यकिरणांची साथ लागते.

एकाच क्रमांकाच्या पोटातही भेद आहेत. १६ च्या ए, बी, सी, डी अशा वंशशाखा असून डी २ आणि डी ३ या उपशाखांत ॲडेनोकार्सिनोमाचा धोका बराच अधिक दिसतो. तरी घातक प्रकाराचा संसर्ग म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक संसर्ग दोन वर्षांच्या आत आपोआप ओसरतात. वर्षानुवर्षे टिकून राहणाराच धोक्याचा. गर्भाशयमुखाचे बहुतेक कर्करोग १६ आणि १८ मुळे होत असल्याने अनेक तपासणी चाचण्या या दोघांचा निकाल स्वतंत्रपणे देतात.

नऊ प्रकारांवरील लसीत ६, ११, १६, १८, ३१, ३३, ४५, ५२ आणि ५८ यांचा समावेश आहे. आफ्रिकेतील स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगात इतर खंडांपेक्षा अधिक आढळणारा ३५ क्रमांक तिच्यात नाही.