खांद्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन: छिद्र लहान, पण हात गळ्यात दीड महिना

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत गोडी छाटणी असो की विरळणी, मांडवाखाली हात डोक्याच्या वर धरून तासन्‌तास काम चालतं. चाळिशी-पन्नाशीनंतर हे काम करणारेच काही सांगतात, 'रात्री त्या कुशीवर झोपवत नाही.' दुखतो दंड, पण मूळ बहुतेकदा वर असतं, रोटेटर कफमध्ये. चार स्नायूंच्या कंडरांचा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या चिवट दोऱ्यांचा, हा पट्टा. खांद्याची खोबण इतकी उथळ, की दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यात बशीतल्या लाडवासारखा जेमतेम टेकलेला असतो. त्याला जागेवर धरतो हा कफ. हात चहूकडे फिरतो तो या उथळपणामुळेच, आणि मोठ्या सांध्यांत सर्वाधिक निखळतो तोही खांदाच.

कफ फाटला तर पूर्वी वरचा स्नायू बाजूला सारून मोठा छेद घ्यावा लागे. दुर्बिणीच्या ऑपरेशनात एखाद्या सेंटीमीटरची तीन-चार छिद्रं पुरतात. एकातून सुमारे 4 मिलीमीटर जाडीची दुर्बीण आत जाते, बाकीच्यांतून हत्यारं. सर्जन बघतो ते समोरच्या पडद्यावर. सांध्यात सतत सलाइन सोडतात. त्याने आत जागा होते, रक्त धुऊन जातं आणि चित्र स्वच्छ दिसतं. (ऑपरेशननंतर खांदा टम्म फुगलेला पाहून नातेवाईक घाबरतात. ते बरंचसं हेच पाणी, एक-दोन दिवसांत ओसरतं.) मग हाडात दोरे ओवलेले बारीक अँकर बसवून कंडरेची फाटकी कड पुन्हा हाडाला शिवतात. वारंवार निखळणाऱ्या खांद्यात खोबणीच्या काठाची सुटलेली झालरही अशीच शिवली जाते.

सांध्यात दुर्बीण घालण्याची कल्पना जुनी आहे. 1918 मध्ये टोकियोत केंजी ताकागींनी मूत्राशय तपासायची नळी मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली होती.

छिद्र लहान असलं तरी कंडरा हाडाला चिकटायची ती तिच्याच वेगाने. चार ते सहा आठवडे हात झोळीत, मग फिजिओथेरपी, आणि जड काम चार-सहा महिन्यांनी. बागायतदारासाठी हा अख्खा हंगाम झाला. तारीख ठरवण्याआधी हा हिशेब मांडलेला बरा.

शिवाय दुखणारा प्रत्येक खांदा टेबलावर न्यायचा नसतो. मधुमेहींमध्ये जास्त आढळणारा फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, बहुधा व्यायाम, इंजेक्शन आणि भरपूर सबुरीने सुटतो. साठीनंतर एमआरआयमध्ये दिसणारी कफची फट कित्येकांना कधी दुखतही नाही. रिपोर्टपेक्षा खांदा तपासणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो. कफ पूर्ण फाटलेला नसताना खांद्यावरचं हाड दुर्बिणीतून तासण्याची शस्त्रक्रिया एके काळी सर्रास होई. 2018 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटिश चाचणीत हाड तासलेले आणि नुसती दुर्बीण घालून पाहिलेले रुग्ण जवळपास सारखेच बरे झाले.

मात्र क्रेट उचलताना किंवा पडल्यावर अचानक हात वर जाईनासा झाला, तर मालिश करत महिने घालवू नयेत. तुटलेली कंडरा आत आकसत जाते, स्नायूत चरबी भरते, आणि मग ती ओढूनही हाडापर्यंत पोहोचत नाही.