आस्का पॉझिटिव्ह म्हणजे क्रोन्सच, असं नाही

जुलाब आणि पोटदुखी महिनोन् महिने थांबत नसली, की ठाणे-नवी मुंबईत ‘आयबीडी पॅनल’चं रक्त घरी येऊन नेणाऱ्या लॅब मिळतात. आयबीडी म्हणजे आतड्याला दीर्घकाळ दाह होणारे आजार; क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे त्यातले मुख्य दोन. उपाशी राहावं लागत नाही, ५ मिली रक्त पुरतं. अडचण येते ती रिपोर्ट वाचताना.

पॅनलमध्ये मुख्यतः दोन अँटिबॉडी असतात. ‘आस्का’ ही बेकरीच्या यीस्टच्या पेशीभित्तिकेतल्या मॅननविरुद्धची. ती क्रोन्समध्ये जास्त आढळते. याचा यीस्टच्या ॲलर्जीशी संबंध नाही, तेव्हा पावाला दोष देऊ नका. दुसरी ‘पी-अँका’, अल्सरेटिव्ह कोलायटिसकडे झुकणारी. ती पाहायला इथेनॉलने पक्क्या केलेल्या पांढऱ्या पेशींच्या काचपट्टीवर सीरम टाकतात. फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली केंद्रकाभोवती हिरवी कडा दिसते. चिठ्ठीवर नुसतं ‘अँका’ लिहिलं, तर काही वेळा लॅब फक्त पीआर३ आणि एमपीओ या पांढऱ्या पेशींतल्या दोन प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडीची एलायझा (अँटिबॉडी मोजायची एक चाचणी) करते. ती रक्तवाहिन्यांच्या दाहासाठीची तपासणी. कोलायटिस असूनही ती अनेकदा निगेटिव्ह येते.

आस्का पॉझिटिव्ह आणि पी-अँका निगेटिव्ह ही जोडी क्रोन्सच्या साधारण ५५ टक्के रुग्णांत सापडते, आणि क्रोन्स नसलेल्या सुमारे ७ टक्के लोकांतही. समजा, जुलाबाच्या १००० रुग्णांत २० जणांना क्रोन्स आहे. त्यातले ११ जण पकडले जातील, ९ निसटतील. उरलेल्या ९८० मधले जवळपास ६९ जण विनाकारण घाबरतील. म्हणून सरसकट चाळणी म्हणून ही चाचणी मला पैशांची नासाडी वाटते.

आपल्याकडचा खरा पेच आतड्याच्या टीबीचा. तोही बहुधा लहान आतड्याच्या शेवटी, अपेंडिक्सच्या आसपास बसतो आणि दुर्बिणीतून क्रोन्ससारखाच दिसतो. आस्का टीबीतही पॉझिटिव्ह येते, त्यामुळे दोन्हींतला फरक ती सांगू शकत नाही. टीबीला क्रोन्स समजून स्टेरॉइड सुरू केलं, तर टीबी पसरतो.

आधी शौचाची कॅलप्रोटेक्टिन (आतड्याला दाह असला की शौचात वाढणारं प्रथिन) तपासणी करावी. ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल, तर आतड्याला दाह असण्याची शक्यता कमी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी आणि साध्या जंतुसंसर्गानेही ती वाढते, हे डॉक्टरांना सांगा. आकडा चढाच राहिला तर कोलोनोस्कोपी. तीत लहान आतड्याच्या टोकापर्यंत जाऊन, बऱ्या दिसणाऱ्या भागातूनही तुकडे घ्यायला हवेत. बायोप्सीनंतरही क्रोन्स की कोलायटिस हे ठरेना, तेव्हा मात्र अँटिबॉडीचा कौल थोडा उपयोगी पडतो.

टीबीचा संशय असेल तर काही तुकडे सलाइनमध्ये पाठवायला आधीच सांगून ठेवा. सगळे फॉर्मलिनमध्ये गेले की जंतू मरतात आणि कल्चर (जंतू वाढवून ओळखणं) करता येत नाही.